माझ्या फ्लॅटहेडवरची स्ट्रॉमबर्ग ९७ ची नवी जोडी

स्ट्रॉमबर्ग ९७ हा जुना कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि फ्लॅटहेड हे फोर्डचं जुन्या घडणीचं व्ही-८ इंजिन. आधी निकाल सांगते, म्हणजे घ्यावी की नाही एवढंच ज्यांना हवंय त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. घ्या. पण पेट्रोलचा दाब मोजणारं गेज आणि योग्य डिस्ट्रिब्युटर (योग्य वेळी प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पोहोचवणारा भाग) आधी घ्या, कार्ब्युरेटर नंतर. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि तयार झालेली गाडी चार महिने गॅरेजमध्ये उभी राहिली.

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए कूप. दक्षिण कॅलिफोर्नियात, घराच्या गॅरेजमध्ये, सहा वर्षं शनिवार-रविवार खपून बांधली. मूळचं चार सिलिंडरचं ४० हॉर्सपॉवरचं इंजिन काढून त्या जागी १९५० च्या फोर्ड सेडानमधलं ८बीए फ्लॅटहेड व्ही-८ बसवलं, २३९ घनइंचांचं. चासीच्या उघड्या रेलना आतून पट्ट्या वेल्ड करून पेटीसारखं बंद केलं. पुढे ड्रॉप केलेला आय-बीम अॅक्सल, चारी चाकांना १९३९ च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक, तोंडाशी १९३२ ची ग्रिल शेल. छप्पर कापलं नाही. मॉडेल ए कूपच्या खिडक्यांची उंची मला आहे तशीच आवडते, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. काळा रंग मी स्वतः मारला, चाकं लाल. १९५० च्या सुमारास एखाद्या तरुणाला भंगारवाड्यात जे भाग मिळाले असते त्यांतूनच, त्याच्याच पद्धतीने बांधायची, हा ट्रॅडिशनल हॉट रॉडचा (वेगासाठी घरी बदललेल्या जुन्या गाडीचा) नियम मी धरला होता. त्यामुळे इंजिनवर काय बसणार याचा विचार करावाच लागला नाही. दोन कार्ब्युरेटरचा अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधलं मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारा भाग) आणि त्यावर दोन ९७.

हा ९७ आकडा कुठून आला ते कळलं की हा कार्ब्युरेटर निम्मा कळतो. ज्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि पेट्रोल ओढून घेते, त्या व्हेंच्युरीचा व्यास ३१/३२ इंच. दशांशात तो ०.९७ च्या जवळ येतो, आणि तोच आकडा कार्ब्युरेटरच्या अंगावर उठावदार ओतलेला असतो. फोर्डने १९३६ ते १९३८ या काळात आपल्या व्ही-८ वर तो वापरला आणि मग ९४ या दुसऱ्या कार्ब्युरेटरकडे वळले. ९४ चा गळा १५/१६ इंचाचा, म्हणजे थोडा लहान. काढून टाकलेले ९७ भंगारवाड्यांत स्वस्तात मिळू लागले. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर शर्यती करणाऱ्या पोरांनी ते दोन-दोन, तीन-तीन उचलले. तिथल्या शर्यतींचं नियोजन करणारी एससीटीए ही संघटना १९३७ ची, म्हणजे हा कार्ब्युरेटर आणि हा छंद एकाच काळात वाढले. शर्यतीच्या इंजिनांचे भाग बनवणाऱ्या थोरल्या व्हिक एडेलब्रॉक यांनी आपल्या १९३२ च्या रोडस्टरसाठी बनवलेला मॅनिफोल्डसुद्धा दोन कार्ब्युरेटरचाच होता.

शर्यतवाली पोरं ९७ वरच का टिकून राहिली, याला फक्त स्वस्ताई हे कारण नाही. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागतं, ते देणारा पॉवर व्हॉल्व्ह ९४ मध्ये व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा पडदा फाटला किंवा बैठक नीट बसली नाही की पेट्रोल गळत राहतं, आणि दोन कार्ब्युरेटर असले की ही काळजी दुप्पट. ९७ मध्ये अॅक्सिलरेटर पंपाचा दट्ट्या तळाला पोहोचला की तोच पॉवर व्हॉल्व्ह ढकलून उघडतो. सरळ यांत्रिक काम, डोळ्यांना दिसणारं. मेन जेटही (पेट्रोल मापून सोडणारे बारीक छिद्राचे तुकडे) बाउलच्या, म्हणजे पेट्रोल साठण्याच्या वाटीच्या, बाहेरून, प्लग काढून गाठता येतात. वरचं झाकण न उघडता पाच-दहा मिनिटांत जेट बदलून पुन्हा रस्त्यावर. घरी काम करणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे.

तर मी आधी जुनीच जोडी घेतली होती. एका स्वॅप मीटला (जुन्या भागांच्या बाजारात) पहाटे पाचला, टॉर्चच्या उजेडात. विकणाऱ्याने सांगितलं की दोन्ही उघडून, साफ करून, नव्या किटने बांधलेले आहेत. दोघांचे मिळून तीनशे डॉलर मोजले. घरी आणून टेबलावर ठेवले तेव्हा मला जो आनंद झाला तो खरा होता. ऐंशीएक वर्षांपूर्वीची ओतीव वस्तू, हाताला जड, दक्षिण बेंड, इंडियानात घडलेली. बसवले, इलेक्ट्रिक पंप चालू केला, आणि मिनिटभरात थ्रॉटल शाफ्टच्या टोकातून पेट्रोल झिरपून मॅनिफोल्डवर ठिबकायला लागलं. इंजिन त्या वेळी थंड होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून मोठं अग्निशामक नळकांडं हात लांबवला की मिळेल असं ठेवलं आहे. तुम्हीही ठेवा, पेट्रोलच्या आगीवर चालेल असंच.

मी आठवडाभर त्या दोन कार्ब्युरेटरना दोष देत बसले. नीडल आणि सीट (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई आणि तिची बैठक) बदलली, फ्लोट वाकवून पातळी खाली आणली, गळती थांबेना. मग शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी, ज्यांनी आयुष्यात माझ्यापेक्षा खूप जास्त फ्लॅटहेड उघडले आहेत, एकच प्रश्न विचारला: दाब किती आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेज लावलं तर काटा साडेपाच पीएसआयवर (चौरस इंचाला पौंड). ९७ ला अडीच हवा, फार तर तीन. फ्लोट म्हणजे एक हलका पोकळ डबा. त्याच्या तरंगण्याच्या जोरावर नीडल बंद राहते. मागून साडेपाचचा रेटा आला तर तो बिचारा किती धरणार? पंपाच्या खोक्यावर चार ते सात असं स्पष्ट छापलेलं होतं. पंप अगदी बरोबर चालत होता, मी चुकीचा निवडला होता.

रेग्युलेटर बसवून दाब अडीचवर आणल्यावर गळती थांबली. पण इंजिन आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, स्थिर राहीना. कधी नऊशे आरपीएम, कधी सहाशे, कधी बंद. थ्रॉटल शाफ्ट बोटांत धरून हलवला तर तो भोकात खाली-वर होत होता. त्या फटीतून हवा आत जाते, आणि ती मोजमापात नसलेली हवा मिश्रण पातळ करते, प्रत्येक क्षणी वेगळ्या प्रमाणात. वरचं झाकण काचेवर ठेवून पाहिलं तर एक कान वर उचललेला. कधीतरी कुणीतरी स्क्रू जास्त आवळले होते. त्या जस्ताच्या ओतकामाला तसं आवळलेलं चालत नाही. शाफ्टला नवे बुश बसवता येतात, झाकण घासून सपाट करता येतं, आणि हे काम उत्तम करणारी माणसं आहेत. पण प्रत्येक दुरुस्तीनंतर माझ्या मनात तोच प्रश्न राहणार होता: आता जे बिघडतंय ते कार्ब्युरेटरमुळे, इग्निशनमुळे, की माझ्या हातून झालेल्या दुसऱ्या एखाद्या चुकीमुळे? घरी बांधलेल्या गाडीत सगळंच पहिल्यांदा एकत्र आलेलं असतं. संशयाला जागा फार. त्यातली एक तरी कमी करावी म्हणून नवी जोडी मागवली. करासकट हजार डॉलरच्या वर गेली.

नवे ९७ इंग्लंडमध्ये बनतात, स्ट्रॉमबर्गच्याच नावाने, आणि जुन्याशी त्यांचे भाग अदलाबदल होतात. मी हे तपासून पाहिलं: माझ्या जुन्याचं एक झाकण नव्याच्या बाउलवर अचूक बसलं. खाली तीन बोल्टची तीच बैठक, अंगावर तोच उठावदार ९७. खोक्यातून काढल्यावर पहिलं काम म्हणून शाफ्ट हलवून बघितला. काहीच हाललं नाही. मग थ्रॉटलच्या पट्ट्या बंद करून कार्ब्युरेटर दिव्यासमोर धरला. जुन्यात एका बाजूला चंद्रकोरीएवढा उजेड दिसायचा, इथे केसाएवढी सारखी रेघ. पाण्याच्या नळाचा वॉशर बदलणाऱ्यालाही कळेल की हे काम स्वच्छ आहे. इंजिन चालवून बंद केलं, झाकण उघडलं आणि पेट्रोलची पातळी मोजली. ९७ मध्ये फ्लोट बाउलमध्येच बसवलेला असतो, झाकणाला लटकत नाही, त्यामुळे झाकण काढलं तरी पातळी जशीच्या तशी दिसते. बाउलच्या काठापासून १५/३२ इंच खाली हवी. एक बरोबर तिथेच होता, दुसरा अगदी किंचित वर, चालण्याजोगा. मी हात लावला नाही.

आणि तरीही गाडी चालली नाही. म्हणजे चालली, पण तशी नाही. आयडल सुंदर, गल्लीत सुंदर, मोठ्या रस्त्यावर चाळीस मैलांच्या वर गेली की इंजिन जणू ओझं ओढतंय. तापमानाचा काटाही चढायचा. फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टचे मार्ग सिलिंडरच्या ब्लॉकमधूनच बाहेर जातात, दर बाजूला चार सिलिंडरना तीनच तोंडं, मधल्या दोघांचं एकत्र. हे इंजिन तसंही पाण्यात भरपूर उष्णता सोडतं, त्यामुळे मी आधी रेडिएटरवर संशय घेतला. कारण दुसरंच निघालं. ज्यांच्याकडे ८बीए आहे त्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा अशी विनंती करते.

८बीए चा मूळ डिस्ट्रिब्युटर लोडोमॅटिक जातीचा. त्याच्या आत फिरणारी वजनं नाहीत. वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, आणि ते काम तो पूर्णपणे व्हॅक्यूमवर करतो. हा इशारा त्याला मूळच्या होली कार्ब्युरेटरमधून मिळतो, व्हेंच्युरीतला आणि थ्रॉटलजवळचा असे दोन मिसळून. माझ्या ९७ मध्ये तो मिश्र इशारा देण्याची सोयच नाही. ९७ ज्या काळातला, त्या काळच्या फोर्डचा डिस्ट्रिब्युटर वेगळा होता, त्याला याची गरज नव्हती. म्हणजे मी दोन वेगवेगळ्या काळांतले भाग जोडले होते आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. मुलाला टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते फिरत्या पुलीवरच्या खुणेवरून दाखवणारा दिवा) धरायला सांगून मी इंजिनाचा वेग वाढवला.

"आई, खूण हलतच नाहीये," तो म्हणाला.

त्या एका वाक्यात चार महिन्यांचं उत्तर होतं. वजनांवर चालणारा डिस्ट्रिब्युटर बसवला, टायमिंग लावलं, आणि त्याच रस्त्यावर तीच गाडी पंचावन्नला असं काही धावली की मी घरी परत यायचं विसरून बराच वेळ पुढेच जात राहिले.

जोडी जुळवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लोक इथे कंटाळतात आणि मग दोन कार्ब्युरेटर त्रासदायक असतात असं म्हणतात. मी सरळ लिंकेज लावलं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी, सारखेच उघडतात. एक आधी आणि दुसरा नंतर उघडणारी प्रोग्रेसिव्ह पद्धतही असते, पण दोनच कार्ब्युरेटर आणि सौम्य इंजिन असेल तर मला ती अनाठायी वाटते. आधी लिंकेजचा दांडा सोडवा. दोघांचे आयडल स्क्रू सुटे असतानाच हवेचा प्रवाह सारखा करा. त्यासाठी मोजायचं छोटं साधन मिळतं. मी ते वापरते, पण त्याआधी रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरते. दोन्हीकडचा फुसकारा एकाच सुरात यायला हवा. मग मिश्रणाचे चार स्क्रू, प्रत्येक कार्ब्युरेटरला दोन, बैठकीपासून दीड फेरा बाहेर. तिथून इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तिथपर्यंत पाव-पाव फेरा, चारही सारखे. सगळं झाल्यावर दांड्याची लांबी अशी ठेवा की तो जोडताना एकही थ्रॉटल जागचा हलणार नाही. जुन्या जोडीवर मी हे पन्नास वेळा केलं असेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलेलं असायचं. नव्या जोडीवर एकदा केलं. नंतर दोनशे मैलांनी तपासलं तर जसंच्या तसं. माझ्या लेखी हजार डॉलरचं समर्थन एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

आता वापरातल्या गोष्टी. आमच्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. गाडी बंद केल्यावर फ्लॅटहेडची उष्णता वर चढते आणि बाउलमधलं पेट्रोल उकळतं, उन्हाळ्यात तर हमखास. दहा मिनिटांच्या थांब्यानंतर गाडी सुरू करताना थोडा जास्त वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. हा आजच्या पेट्रोलचा स्वभाव आहे, कार्ब्युरेटर नवा असो की जुना. कार्ब्युरेटरच्या खाली उष्णता अडवणारे जाड फिनॉलिकचे स्पेसर घातल्यावर बराच फरक पडला. बॉनेट बंद होतंय का ते मात्र आधी मोजा. मी माझी गाडी बॉनेटशिवायच चालवते, त्यामुळे मला तो प्रश्न आला नाही. आठवडाभर गाडी उभी राहिली तर बाउलमधलं पेट्रोल उडून जातं. इलेक्ट्रिक पंप असेल तर पाच सेकंद चालू करून मग स्टार्टर मारा. यांत्रिक पंपवाल्यांना बॅटरीवर थोडा जोर काढावा लागेल. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि जिथे शक्य तिथे स्टीलच्या ठेवा.

काही जण म्हणतील, नवा भाग लावला मग गाडी ट्रॅडिशनल कसली. हा प्रश्न मला एका कार शोमध्ये तोंडावर विचारला गेला, आणि मी त्याचं उत्तर मनापासून दिलं. त्या कोरड्या तळ्यांवरच्या पोरांनी जुनं म्हणून ९७ घेतले नव्हते. मिळणाऱ्यांत चांगले म्हणून घेतले होते. १९४६ साली एखाद्याला खोक्यात गुंडाळलेली कोरी जोडी कुणी दिली असती तर त्याने ती नाकारून मुद्दाम झिजलेली शोधली असती का? माझ्या गाडीत चासी, बॉडी, ब्लॉक, अॅक्सल सगळं जुनं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण जिथे पेट्रोल आणि ठिणगी शेजारी राहतात तिथे मला घट्ट शाफ्ट हवा.

कुणी घेऊ नये तेही सांगते. जुनी जोडी ज्यांच्याकडे आहे आणि शाफ्ट घट्ट आहेत, झाकणं सपाट आहेत, त्यांनी आधी दाब मोजावा. शक्यता अशी की तुमचे कार्ब्युरेटर निर्दोष आहेत. शोमध्ये फक्त उभी ठेवायची गाडी असेल तर हे पैसे गाद्यांवर घाला. आणि मोठ्या कॅमचं, वाढवलेल्या बोअरचं, म्हणजे जास्त हवा ओढणारं इंजिन असेल तर ९७ चा ०.९७ इंचांचा गळा दोनांत पुरेल का हे आधी नीट बघा. बरेच जण अशा वेळी तीन लावतात. माझ्या साध्या २३९ घनइंचांच्या इंजिनाला दोन अगदी बेताचे, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत.

पाचपैकी पावणेपाच. पाव गुण किमतीसाठी कापला, कारण घरी गाडी बांधणाऱ्या बहुतेकांकडे शेवटच्या टप्प्यात एवढे पैसे उरलेले नसतात. माझ्याकडेही नव्हते, पुढच्या दोन चाकांचे नवे टायर त्या वर्षी आले नाहीत.

सहाशे मैल झाले. गेल्या रविवारी आठही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. सहा छान तपकिरी, मधल्या दोन सिलिंडरचे जरा काळसर, म्हणजे तिथे पेट्रोल थोडं जास्त जातंय. सध्या चारही मेन जेट ४५ चे आहेत. ४४ चे, म्हणजे थोड्या लहान छिद्राचे, चार मागवून ठेवलेत, पानाही तिथेच बाजूला आहे. या रविवारी ते बदलून, त्याच चढावर, त्याच तिसऱ्या गिअरमध्ये पुन्हा बघणार आहे.